शेपटीवाले परबकाका

परबकाका इंग्रजी पाट्यांना शेपट्या लावत हिंडायचे. खिशात पांढऱ्या रंगाची डबी, कानावर बारीक ब्रश. सुहासच्या सलूनची पाटी दिसली की स्टूल मागायचे. सुहासच्या शेवटी एस; त्याच्यापुढे वरच्या अंगाला एक शेपटी, म्हणजे अपॉस्ट्रॉफी, मग आणखी एक एस. तेव्हा कुठे ते सलून सुहासचं.

"काका, दोन एस कशाला? गिऱ्हाईक मला तोतरा समजेल!" सुहास ओरडायचा.

"नाव एसान संपला म्हणान हक्क संपलो काय रे?" हे काकांचं ठरलेलं उत्तर.

गिरणीत ते कापडाच्या गाठींवर इंग्रजी अक्षरं रंगवायचे. संप झाला, फाटक पुन्हा उघडलंच नाही, आणि काकांचा ब्रश रस्त्यावर आला. भोईवाडा ते लालबाग त्यांनी एकही एस सोडला नाही.

मी तेव्हा विशीतला, पत्रकं लिहिणारा. माझ्या लेखी माणसं दोनच प्रकारची: लढणारी आणि न लढणारी. 'चूल थंड पडलीय आणि हा कामगार साहेबाच्या भाषेला शेपट्या चिकटवतोय' असं पत्रकच मी काढलं. नाव घातलं नाही, गरजच नव्हती. चाळ खदखदून हसली. सुहासने एक प्रत आरशाला चिकटवली. मी दोन दिवस छाती काढून फिरलो.

तिसऱ्या दिवशी काकांनी खोलीत बोलावलं. मी भांडायच्या तयारीने गेलो. खाटेवर एक नवी पाटी होती: विलासच्या शिलाईच्या दुकानाची. विलास त्यांचा मुलगा. संपात बापाशी भांडून भिवंडीला यंत्रमागावर कामाला गेला, तो परत फिरकला नव्हता. पाटीवर एस, शेपटी, एस. कडा पुन्हा पुन्हा गिरवलेल्या.

"दुकान कुठंय, काका?"

"तो इलो की बघूया." मग जरा घुटमळून म्हणाले, "तुझ्या पत्रकाची एक प्रत दी. विलासाक धाडूची हा. पाकिटावर अक्षर तुझा घाल. माझा बघलान की तो न फोडता परत धाडता."

"काका, त्यात तुमची टिंगल आहे."

"वाचलंय मी. बापाशीक हसलो तर येतलोसुद्धा."

माझ्या खाटेखाली अख्खा गठ्ठा पडून होता.

"संपल्या प्रती," मी म्हणालो.

काकांनी ब्रश पुसून कानावर ठेवला. "मगे सुहासाच्या आरशावरची काढून घेतंय," म्हणाले, आणि चपला घालून निघाले.