पुनमचं नाव कुठं घालायचं?

मला एक सांगा, भरवसा ठेवायचा तरी कोणावर? माल विकणाऱ्यावर, की वापरणाऱ्यावर? बावीस वर्षं हिंगोलीजवळच्या गोरेगावात किराणा विकतोय. शिक्षण चौथी (पुढचं सगळं पुड्या बांधायच्या रद्दीत वाचलं). पण दोन हजार दोनच्या जूनमध्ये या सवालानं माझं डोकं पार फिरवलं.

आमची पुनम पहिलीत जायची होती. मी म्हणालो, जिल्हा परिषदेची शाळा. करुणा, म्हणजे आमचं गृहखातं, म्हणाली, नवी इंग्लिश शाळा.

"लेकराच्या गळ्यात टाय पाहिजे."

"टाय बांधता तुला येतो, का मला?"

"शिकता येतं. तुमी चष्मा पुसायला शिकलेच की."

सोमवारी दोन्हीकडची नावनोंदणी संपणार होती. मी ठरवलं, पारख करू. तूर घेताना आम्ही पोत्याच्या तोंडाशी बघत नाही, तळातून मूठ काढतो. तसं मास्तरांना शाळा कशी आहे ते विचारायचं नाही, स्वतःचं लेकरू कुठं घातलंय ते विचारायचं. (ही अक्कल आपल्यालाच सुचली म्हणून मी त्या दिवशी दोनदा मिशीवरून हात फिरवला.)

जिल्हा परिषदेचे विजयकुमार गुरुजी साबण घ्यायला आले. मातृभाषा, डी.एड. झालेले शिक्षक, फुकट पुस्तकं, असं वीस मिनिटं चाललं.

"बराबर हाय गुरुजी. अन् तुमची ऐश्वर्या कितवीत?"

गुरुजींनी साबणाचा वास घेतला. "ती इंग्लिश शाळेत असते," म्हणाले. "वास बरा आहे याचा."

मी तडक घरात गेलो. "करुणा, तुझंच खरं. इंग्लिशच."

"आता मला तसं वाटून न्हाई राहिलं," ती म्हणाली. "तिथली पोरं मायलाबी मम्मी म्हनतेत."

झालं. दोन दिवस मी इंग्लिशकडून भांडलो, ती जिल्हा परिषदेकडून. मुद्दे जुनेच, माणसं फक्त बदलली.

शनिवारी मी इंग्लिश शाळेत गेलो. ती काढणाऱ्या प्रमोद सरांनी मला कॉम्प्युटर दाखवला (त्यावरचं प्लास्टिक मात्र काढलं नाही).

"तुमचा बंटी हितंच असल?"

"बंटी होय? तो जिल्हा परिषदेत. चौथीला."

आता काय करावं माणसानं? दोन हलवाई, अन् दोघं एकमेकांचे पेढे खातात. रविवारी संध्याकाळी मी दोघांनाही घरी चहाला बोलावलं आणि समोरासमोर बसवून तेच म्हणालो.

गुरुजी खाली बघत म्हणाले, "अमृतराव, शाळेचा दोष नाही. मी फळ्यावर लिहीत असलो की पोरगी मागून ओरडायची, बाबा, शी आली. सगळा वर्ग हसायचा."

"आमचा बंटी माझ्या खुर्चीत बसायचा," प्रमोद सर म्हणाले. "शाळा माझ्या बापाची हाय म्हणायचा, अन् मॅडमला पाणी आणायला सांगायचा. एक मॅडम सोडून गेल्या."

म्हणजे मी तळातून काढलेली मूठ तुरीची नव्हतीच. शाळेला नाही, आपल्याच लेकरांना कंटाळून बापांनी ती तिकडं घातली होती. तरी माझी जीभ थांबेना. "ते काही असो. धंद्याचा नियम एकच. माणसानं आपला माल आपल्या घरी वापरावा."

तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "चहा फक्कड झालाय. हीच पावडर द्या पाव किलो."

पुनम दारात उभी होती. "ती दुकानात न्हाई भेटत काका. बाबा हिंगोलीहून आणतेत."

प्रमोद सरांनी बशीत बघत खोकून घेतलं. मी विषय बदलायला करुणाला विचारलं, "मग उद्या नाव कुठं घालायचं?"

"घातलं," ती म्हणाली. "जिल्हा परिषदेत. आठ दिवस झाले. शाळा दुकानासमोर हाय, मधल्या सुट्टीत पोरगी नजरेला पडती."

गुरुजींनी मान हलवली. नाव त्यांनीच लिहून घेतलं होतं, अन् मला सांगायचं नाही असं करुणानं त्यांना बजावलं होतं.

"मग इतके दिवस माझ्याशी भांडत काहून होतीस?"

"तुमी इतक्या हौसेनं भांडून राहिले होते. मोडवलं न्हाई."

तर या प्रकरणात कोण किती खोटं वागलं त्याचा हिशोब तुम्ही खुशाल मांडा, पण इमानानं मांडा. चहा माझ्या नावावर लिहा. हळद लिहू नका, ती आम्ही दुकानातलीच खातो (पाहुणे नसले म्हणजे).