मचाणावरची मॅच

मला घाबरवणारा अजून जन्माला यायचाय, असं मी दिव्यानीला फोनवर ठणकावून सांगितलं होतं. दिव्यानी चंद्रपूरची. आमचं लग्न जवळजवळ ठरलं होतं. फक्त तिच्या आईनं, म्हणजे सुगंधाबाईंनी, रविवारी येऊन आमचं घर आणि शेत पाहून हो म्हणायचं बाकी होतं. सावली तालुक्यातल्या आमच्या जंगलालगतच्या गावात पोरगी द्यायला चंद्रपूरवाले कचरतात, आणि त्याचं कारण एकच असतं. म्हणून मी आधीच ठोकून दिलं होतं, "आमच्याकडं वाघबिघ काई नाई. ते सगळं पलीकडच्या गावात."

प्रत्यक्षात त्याच आठवड्यात आमच्या शेताजवळच्या नाल्यात वाघाचे ताजे ठसे दिसले होते. तेव्हापासून मी परसातही एकटा जात नव्हतो.

रविवारी सकाळी सुगंधाबाई आल्या. सोबत दिव्यानीचा भाऊ अतुल होता. चहाचा कप खाली ठेवायच्या आत त्यानं विचारलं, "भाऊजी, म्याच कुठी पाह्यची?"

महिनाभर सगळ्यांच्या मोबाईलवर त्या बॉक्सिंगच्या लढतीचा गाजावाजा चालला होता. दोन परदेशी गडी, शतकातली सगळ्यात मोठी लढत, असं काहीबाही. मला बॉक्सिंगमधलं एवढंच कळतं की दोघंही चड्डीवर असतात. अतुललाही त्याहून जास्त कळत नव्हतं. पण अख्खं चंद्रपूर पाहणार म्हटल्यावर त्यालाही पाहायचीच होती.

"काऊन पाह्यता?" माझे वडील, बापूजी, म्हणाले. "ते एकमेकाले मारतेत. आपल्याले काय भेटते त्याच्यात?" आणि विळा घेऊन बैलांसाठी गवत कापायला निघून गेले.

पंचाईत रेंजची होती. आमच्याकडे ती फक्त शेतातल्या मचाणावर मिळते, आणि मचाण नाल्याला लागून.

"रेंजबी नाई का गावात?" सुगंधाबाईंनी भुवया उंचावल्या.

रेंज नाही म्हणावं तर पोरगी जाते, मचाणावर जावं तर मी जातो! तरी तोंडातून निघालं, "हाय ना, मावशी. चला, शेतबी पाहून घ्या."

निघताना मी एक वस्तू गुपचूप शर्टात कोंबली. वाघ पाठीमागून झडप घालतो, म्हणून आमच्या गावात वनखात्यानं मुखवटे वाटले होते. तो डोक्याच्या मागच्या बाजूला बांधायचा, म्हणजे वाघाला वाटतं, माणूस आपल्याकडेच बघतोय. माझ्या मुखवट्याला काळ्याभोर मिशा होत्या आणि तो सगळे दात काढून हसत होता.

वाटेत मी मोठमोठ्यानं बोलत होतो. माणसाचा आवाज आला की वाघ बाजूला होतो म्हणतात.

"एवढं जोरात काऊन बोलून राह्यले?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"आमच्या घरची सवयच हाय," मी ओरडलो.

अतुल मचाणावर चढला, मागोमाग मी. सुगंधाबाईंचे गुडघे दुखत होते, म्हणून त्या खालीच धान पाहत राहिल्या. त्यांची नजर वळताच मी मुखवटा बांधला आणि त्यांच्याकडे पाठ करून मोबाईलसमोर बसलो.

"सुरू झाली का?"

"थांबा भाऊजी, अजून नावंच सांगून राह्यले."

अखेर घंटा वाजली, लोकांचा गलका उठला. नेमकं तेव्हाच खाली नाल्याकडचं गवत हललं.

पुढचं मला नंतर कळलं. सुगंधाबाईंनी वर पाहिलं. चष्मा आमच्या घरी पिशवीत राहिलेला. त्यांना दिसलो मी, त्यांच्याकडेच बघत असलेला.

"निकेशराव, गवतात काईतरी हाय."

मी हसतोय.

"अहो, जवळ येऊन राह्यलं ते. हसता काऊन?"

मी आणखी हसतोय.

मला ऐकू आली ती फक्त शेवटची किंकाळी. वळून पाहिलं तर गवत दुभंगत होतं. मचाण ही त्या अख्ख्या शिवारातली सगळ्यात सुरक्षित जागा होती. मी तिथून उडी मारली आणि घराकडे सुसाट सुटलो. बांधाच्या वळणापर्यंत माझ्या डोक्यामागचा तो मिशीवाला सुगंधाबाईंकडे बघून हसत होता.

गवतातून बाहेर आले बापूजी, डोक्यावर गवताचा भारा.

थोड्या वेळानं सगळे घरी आले. अतुल चिडलेला, कारण त्यानं खाली वाकून पाहीपर्यंत इकडे मोबाईलवर पहिल्याच फेरीत एक गडी आडवा होऊन लढत संपली होती. सुगंधाबाई दारातूनच बापूजींना म्हणाल्या,

"एक तं पळाला. वरून मले मराले सोडून हसत होता."

मी मुखवटा सोडून त्यांच्या हातात दिला. सगळं कबूल केलं, वाघाच्या ठशांसकट. त्यांनी पिशवीतून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, मुखवटा उलटसुलट करून पाहिला आणि शांतपणे म्हणाल्या, "ह्याचं समजलं. पन पाय कोनाचे होते?"

जेवण न करताच त्या निघाल्या. जाताना म्हणाल्या, "कळवतो." आमच्याकडे कळवतो म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक असतं.

संध्याकाळी मी ओसरीवर डोकं धरून बसलो होतो. दिव्यानी मला खरंच आवडली होती. बापूजी शेजारी येऊन बसले. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "लग्नाचं मंग पाहू, पोरा. तू पोलीस भरतीत उतर. म्या तुले आज धावतानी पाह्यलं."