पहिल्याच हाकेला

आमच्या घरमालकीण कतरीन मावशी कुणाच्याही हाकेला ओ देतात. त्यात काय विशेष, असं तुम्ही म्हणाल. पण मी 'कुणाच्याही' म्हणतो तेव्हा त्यात भारद्वाज आला, पिंगळा आला, उदमांजर आलं, बेडूक आले, आणि तिन्हीसांजेला ज्यांचं नाव घेऊ नये अशीही काही मंडळी आली.

गिरीजला त्यांच्या वाडीतल्या घराच्या पुढच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या, त्याच संध्याकाळची गोष्ट. मी मूळचा वाईकडचा, बोळिंजच्या एका शाळेत गणित शिकवतो. मी आणि बायको, वैशाली, सामानाचे खोके सोडत होतो. चर्चची संध्याकाळची घंटा होऊन गेली होती आणि मागच्या केळीत अंधार साचायला लागला होता. एवढ्यात केळीतून कुणीतरी खोल आवाजात घुमलं, "हूप, हूप, हूप." आणि लगेच स्वयंपाकघरातून मावशी म्हणाल्या, "ओऽ, आले हां."

मागचं दार वाजलं. बॅटरीचा उजेड केळीत शिरला, इकडेतिकडे फिरला आणि थोड्या वेळाने एकटाच परत आला.

"मावशी, कोण आलं होतं?" मी विचारलं.

"भारद्वाज," पायावर पाणी घेत त्या म्हणाल्या. "काही काम नव्हतं त्याचं."

वैशालीने माझ्याकडे पाहिलं आणि नुकताच सोडलेला एक खोका पुन्हा बांधायला घेतला.

आता एक गोष्ट सांगायला हवी. दिवेलागणीनंतर बाहेरून हाक आली तर लगेच ओ द्यायची नाही, हा नियम आमच्या वाईकडे आहे तसाच इथे गिरीजलाही आहे. तिसऱ्या हाकेपर्यंत थांबायचं. माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारतोच. दुसरं काही असेल तर ते दोनदा मारून निघून जातं. आमच्या आत्याने मला हे इतकं घोटून पाजलंय की गणिताचा मास्तर असूनही माझी संध्याकाळी पहिल्या हाकेला जीभ उचलत नाही. आळीतल्या सगळ्या घरांची तीच गत. आमच्याकडे येणारा कुरिअरवालासुद्धा शहाणा झालाय, अंधार पडला की एका दमात तीनदा ओरडतो. आणि अशा गावात ही बाई पहिल्याच आवाजाला, तोही पुरा होऊ न देता, ओ देणार.

त्यामुळे आमची फार पंचाईत व्हायची. वैशालीच्या मोबाईलची रिंग कोकिळेची होती. तिच्या आईचा फोन आला की मावशी दारात हजर, "ओ, बोला." शेवटी ती रिंग बदलली. मला सकाळी सहासात शिंका येतात, त्याही त्यांनी हाकांत धरल्या होत्या. एकदा न्हाणीघरात साबण घ्यायला हात लांब केला तर कोनाड्यात घोरपड. मी किंचाळलो, हे कबूल करतो. किंचाळी अर्धी झाली नाही तोच बाहेरून ओ आली. मी टॉवेल सावरून कडी काढली. मावशी झाडू घेऊन आत आल्या, आधी घोरपडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हाक कुणी मारली?" त्यांनी विचारलं. "तुम्ही की हिने?"

"मी."

"मग ठीक. तिचं काही काम नसेल." आणि तिला झाडूने हळूच मोरीकडून बाहेरची वाट दाखवली.

घरात त्या त्यांची बोली बोलतात, ती मला अजून निम्मी कळत नाही. जनावरांशी मात्र माझ्याशी बोलतात तसं शाळेतलं मराठी, तेही आदराने. उदमांजर कौलांवर थयथयाट करायचं तेव्हा त्या खाली अंगणात उभ्या राहून म्हणायच्या, "ओ, ऐकलं बाबा. पपई तिकडे ठेवलीय." मला हळूहळू याची गंमत वाटायला लागली होती. फक्त एका संध्याकाळी वाटली नाही. त्या दिवशी पान हलत नव्हतं. रातकिडेसुद्धा गप्प. मी आणि मावशी ओट्यावर वाल सोलत बसलो होतो. मावशींचे हात थांबले. मान केळीकडे वळली आणि त्या अगदी हळू म्हणाल्या, "ओ."

"मावशी, कुणी हाक मारली?"

"तुम्हाला नाही ऐकू आली?"

मी वाल तसेच टाकून आत गेलो आणि सगळे दिवे लावले.

त्यांचा मुलगा ज्यूड नायगावला एका नव्या टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर राहतो. चांगला मुलगा, दर रविवारी चर्चमध्ये मिस्साला येताना आईसाठी मासे घेऊन यायचा. मागच्या पावसाळ्यात मावशी अशाच कुणाला तरी ओ द्यायला गेल्या आणि चिखलात पडल्या, तेव्हापासून तो धास्तावला होता. "सर, जरा लक्ष ठेवा," तो मला म्हणाला. "लोक म्हणतात मम्मी भुतांशी बोलते. ते चालेल एक वेळ. पण हाड मोडलं तर काय करू? आता परत अंधारात केळीत गेली ना, की मी नायगावला घेऊन जाणार. विचारणार पण नाही." मावशींनी हे ऐकलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. त्यानंतर काही दिवस त्या उंबऱ्यातूनच ओ द्यायच्या आणि दाराची चौकट घट्ट धरून उभ्या राहायच्या. पाय मात्र बाहेर पडायला बघतोय हे मला दिसायचं.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी वाडीच्या टोकाच्या पंपाच्या खोलीकडून आवाज आला. तो आवाज मी विसरणार नाही. कुणीतरी माणूस घोरत होता. नीट ऐकलं तर घोरणंही नाही, छातीत अडकलेला श्वास ओढत होता. खोली तर कधीची बंद. मी वळून पाहिलं तर मावशी उंबरा ओलांडून गेल्याही होत्या, बॅटरी न घेता.

मी मागे धावलो. त्या धडपडत पळत होत्या आणि तोंडाने सारखं चाललं होतं, "ओ, आले. आले हो, आले." पाटाच्या काठावर त्यांचा पाय मुरगळला, तरी थांबल्या नाहीत. खोलीचं दार त्यांनी दोन्ही हातांनी ओढलं. मी मोबाईलचा उजेड आत टाकला.

फळीवर तीन पांढरे चेहरे होते. बदामाच्या आकाराचे, काळ्या डोळ्यांचे. तिघंही आमच्याकडे बघत माना घड्याळाच्या लंबकासारख्या डोलवत होते आणि घोरत होते. गव्हाणी घुबडाची पिल्लं. आईची वाट बघत होती आणि भूक लागली की ती अशीच ओरडतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त दाराला धरून उभा राहिलो.

मावशी जमिनीवर बसल्या. आधी हसल्या, मग हसणं थांबलं.

"यांचं काम होतं," त्या म्हणाल्या. "पण माझ्याकडे नव्हतं."

मी पाय बघायला वाकलो. त्यांनी माझा हात धरून ठेवला.

"इथेच पडले होते आमचे हे, मास्तर. पंप बंद करायला आले होते. मी चुलीपाशी भाकऱ्या थापत होते. हाक आली, कतरीन. सासूने शिकवलं होतं, तिसरीला उठायचं. मी हात थांबवला. परत आली, कतरीन. मी क्रूसाची खूण केली आणि तिसरीची वाट बघत बसले. ती आलीच नाही. मला बरं वाटलं, मास्तर. वाटलं, बला टळली. सगळ्या भाकऱ्या झाल्या, तरी हे घरात आले नाहीत, तेव्हा उठले."

आत पिल्लं घोरत होती.

"तेव्हापासून मी थांबत नाही," त्या म्हणाल्या. "कोण कशासाठी बोलतंय, आपल्याला काय कळतं?"

पाय टम्म सुजला. ज्यूड दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आला आणि म्हटल्याप्रमाणे त्याने विचारलं नाही. मावशीही भांडल्या नाहीत. घराच्या किल्ल्या वैशालीकडे दिल्या, कोंबड्या शेजारी दिल्या. गाडीत बसल्यावर काच खाली केली आणि केळीकडे बघत राहिल्या.

"आता इथे ओ कोण देणार?" त्यांनी विचारलं. ज्यूडने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"मी देतो," मी म्हणालो.

तर आता मी देतो. भारद्वाज घुमला की वह्या तपासायच्या थांबवून मागच्या दारात जातो आणि म्हणतो, "ओ, आलो हां." पहिले काही दिवस वैशाली पोट धरधरून हसायची. हल्ली मला उशीर झाला तर तीच देते. घंटेनंतर नायगावहून मावशींचा फोन येतो. बाराव्या मजल्यावर म्हणे पारव्यांशिवाय कुणी बोलत नाही. "आज कोण कोण होतं?" त्या विचारतात. मी सांगतो, पिंगळा होता, बेडूक होते, काही काम नव्हतं. घुबडाची पिल्लं उडून गेली हेही सांगितलं.

परवाच्या संध्याकाळी पुन्हा पान हलत नव्हतं. मी दारात एकटा उभा होतो. पंपाच्या खोलीकडून हाक आली. पक्ष्याची नव्हती, एवढं मी शपथेवर सांगतो. आणि नाव माझं नव्हतं. आत्याचा नियम आठवला, जीभ टाळ्याला चिकटली. पण थांबलो नाही.

"ओ," मी म्हणालो.

फोनवर मावशींना हे सांगावं की नाही, कळेना. पण सांगितलं.

"दुसऱ्यांदा मारली?" त्यांनी विचारलं.

"नाही मावशी. ओ ऐकली आणि थांबली."

"हां," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "तेवढंच काम होतं त्यांचं."