जुमिस बांधापलीकडे

"शेवटचा कोपरा कापायचा नाही हं, झेल्मा. आपण कापत गेलो की जुमिस पुढे पुढे पळतो आणि शेवटी त्या कोपऱ्यात जाऊन बसतो. तिथली ताटं वाकवायची, लाल दोऱ्याने बांधायची, मुळाशी पावाचा तुकडा ठेवायचा आणि हळूच सांगायचं, 'बाबा, पुढच्या वर्षीही इथेच ये.' तो घर सोडून गेला, तर मग कोठाराला कुलूप लावलं काय अन् उघडं टाकलं काय, सारखंच!"

सासूबाईंना, लवीझेंना, जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण रायचं, म्हणजे त्या गव्हासारख्या धान्याचं, पीक रंगावर आलं की हा आवाज झेल्माच्या कानात हटकून यायचा. शेवटच्या दुखण्यात त्यांनी तिचा हात धरून "करशील ना?" एवढंच विचारलं होतं, आणि तिने "करीन" म्हटलं होतं. बस्स. त्या एका शब्दावर झेल्माने प्रत्येक सुगी निभावली होती. अंगात ताप असताना निभावली होती, पाऊस कोसळत असताना निभावली होती.

जुमिस म्हणजे शेताची बरकत. त्याला डोळ्यांनी कुणी पाहिलेलं नाही. एका ताटावर दोन कणसं आली की तो तिथून गेला असं समजायचं. त्याची खूणही तशीच, दोन ताटं एकमेकांवर रेललेली, शेंडे बाहेरच्या बाजूला वाकलेले. ती खूण कोठाराच्या शिखरावर कोरलेली होती आणि घरातल्या एकूण एक हातमोज्यांवर विणलेली होती.

त्या दिवशी कापणीसाठी भाड्याने बोलावलेला गुंटिसचा हार्वेस्टर शेतात फिरत होता आणि भट्टीत पाव फुगत होता. दोन्हीकडे एकाच वेळी लक्ष देणं शक्य नव्हतं, म्हणून झेल्माने नवऱ्याला, ओयार्सला, कामाला लावलं.

"तुला एकच काम सांगते. त्या कोपऱ्यापाशी उभा राहा. गुंटिसला तिकडे फिरकू द्यायचं नाही."

"उभं राहणं मला जमतं," ओयार्स म्हणाला. आणि तो खरोखरच उभा राहिला.

ती गरम पाव फडक्यात गुंडाळून आणि लाल लोकर घेऊन परत आली, तेव्हा शेत हजामत केल्यासारखं गुळगुळीत झालं होतं. कोपऱ्यासकट.

"ओयार्स!"

"मी दोन्ही हात हलवले गं."

"आणि?"

"आणि त्यानेही हलवले."

"मग उभं राहायचं ना समोर!"

"हार्वेस्टरच्या समोर? मी काय जुमिस आहे, पळून जायला?"

गुंटिस प्रसन्न चेहऱ्याने खाली उतरला. शहरातला गडी, दिसायला दांडगा पण मनाने मऊ. "काकू, एक कोपरा राहून जात होता बघा. काका बाजूला झाले, म्हटलं वाट देतायत. तोही उरकून टाकला."

झेल्माचं लक्ष त्याच्या टी-शर्टकडे गेलं. छातीभर मोठ्या काळ्या रेघांनी दोन वाकलेली ताटं काढलेली होती.

"हे काय आहे रे छातीवर?"

"हे? डिझाइन आहे. जत्रेत घेतला."

"अरे, तो जुमिस आहे! त्याला अंगावर मिरवतोस आणि त्याच्यावरूनच यंत्र फिरवतोस?"

गुंटिसने छातीकडे पाहिलं, मग हार्वेस्टरकडे पाहिलं. झेल्माने त्याला सगळं सांगितलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरची प्रसन्नता उतरत गेली. "म्हणजे काकू... ते आत्ता... माझ्या मशीनमध्ये आहेत?" एवढं बोलून त्याने घाईघाईने वर चढून इंजिन बंद केलं. झेल्मानेही शिडी चढून धान्याच्या टाकीत डोकावून पाहिलं. टाकीत राय होती, टोळ होते, एक बेडूक होता. बाकी कुणी नव्हतं.

"तो आत कशाला बसेल?" खालून ओयार्स म्हणाला. आपली चूक थोडी धूसर व्हावी म्हणून त्याला आता धर्मशास्त्र सुचू लागलं होतं. "आई म्हणायची, तो विळ्याच्या पुढे पळतो. यंत्र विळ्यापेक्षा जोरात येणार, म्हणजे तोही जोरात पळणार. समोर उभं पीक कुठे आहे?"

तिघांनी समोर पाहिलं. बांधापलीकडे स्काइद्रीतेचे ओट हिरवट-पिवळे डुलत होते.

"गेला," झेल्मा हळूच म्हणाली आणि बांधावर बसली.

स्काइद्रीते म्हणजे ओयार्सची बहीण. बांधापलीकडच्याच घरात दिलेली. नणंद-भावजयीत कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. कारण विचारलं तर दोघी बकरीचं नाव घेत. स्काइद्रीतेच्या बकरीने झेल्माचे कोबी खाल्ले होते, हे खरं होतं. पण त्या कोबीचे उरलेले देठही कधीच कुजून माती झाले होते आणि बकरीही राहिली नव्हती. खरं कारण असं, की आईने जुमिस सुनेच्या हाती दिला, लेकीच्या नाही. हे दोघींना ठाऊक होतं आणि दोघी ते बोलत नव्हत्या.

"मी निघतो काकू," गुंटिस म्हणाला आणि त्याने किल्ली फिरवली. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. गुंटिस टी-शर्ट काढून उलटा घालून आला. इंजिनावर त्याचाही परिणाम झाला नाही. एवढं धूड नेमकं दोन्ही घरांच्या सामाईक वाटेवर आडवं पडलं होतं.

यंत्र अर्ध्यात गप्प झालं की खेड्यात सगळ्यांना ऐकू येतं. थोड्याच वेळात स्काइद्रीते ट्रॅक्टर घेऊन आली. ती भावाशी बोलली, म्हणजे भावजयीला ऐकू जाईल अशा आवाजात.

"ओयार्स, तुमचा हत्ती माझ्या वाटेत का बसलाय?"

"देव अडकलाय," गुंटिस म्हणाला.

मग सांगावंच लागलं. ऐकता ऐकता स्काइद्रीतेच्या ओठांचा कोपरा वर गेला.

"म्हणजे माझ्या ओटमध्ये आलाय."

"पाहुणा आहे," झेल्मा म्हणाली. नणंदेशी तिचं हे कित्येक वर्षांतलं पहिलं वाक्य. "मी घेऊन जाईन."

"पाहुणा कसला वहिनी? आईचा तो. लेकीकडे आलाय."

"मी त्यांना शब्द दिलाय. घर सोडून जाऊ द्यायचा नाही म्हणून."

"घर म्हणजे कुठलं गं? मी काय वाऱ्यावर जन्मले? तुझ्या त्या भट्टीपाशीच जन्मले मी!"

ओयार्सने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. दोघींनी एकदमच त्याच्याकडे पाहिलं. त्याने ते मिटलं.

"बरं, तुझ्याकडे आलाय," झेल्मा म्हणाली. "तूच बांध. बांधता येतो ना?"

स्काइद्रीतेने ट्रॅक्टरच्या चाकावरची माती नखाने खरवडली. बराच वेळ खरवडली.

"आईने मला कधी दाखवलंच नाही," ती शेवटी म्हणाली.

"तू कधी विचारलंस?"

"विचारलं होतं. सरकारची सामुदायिक शेती होती तेव्हा. शेत सगळ्यांचं, म्हणजे कुणाचंच नाही. आई मुकादमाची नजर चुकवून कोपऱ्यात वाकली होती. मी शाळेतून येत होते. म्हटलं, 'आई, हा जुमिस सरकारी का खासगी?' सगळ्या बायका हसल्या. मला वाटलं, काय छान बोलले मी." तिने नखातली माती झटकली. "आई नाही हसली. दोरा तसाच मुठीत धरून घरी आली."

रायच्या खुंटांवरून वारा सळसळत गेला. झेल्माला तो दिवस माहीत होता. त्याबद्दल सासूबाई एकदा म्हणाल्या होत्या, "लेक हसली गं. पण हसतात त्यांनाही एक दिवस हवं असतं. ती मागेल तेव्हा देईन." स्काइद्रीतेने मागितलं नाही, आणि द्यायला त्या उरल्या नाहीत. हे वाक्य झेल्माने इतकी वर्षं नणंदेला सांगितलं नव्हतं. बोलणंच नव्हतं, तर सांगणार कसं? आता सांगितलं.

स्काइद्रीतेने डोक्यावरच्या रुमालाचं टोक पदरासारखं ओढून नाक पुसलं. "कोबीचं मला खरंच वाईट वाटलं होतं," ती म्हणाली.

"कोबी तसेही किडकेच होते. पाव खाणार? गरम आहे."

बांधावर बसून चौघांनी तो पाव खाल्ला. स्काइद्रीतेने ट्रॅक्टरमधून शहाजिऱ्याचं चीज काढलं. "ताटं दोनच का गं काढतात त्याची?" तिने विचारलं. "एक का नाही?"

"एकटं उभं राहत नाही म्हणून असेल," झेल्मा म्हणाली. "मला तरी सासूबाईंनी एवढंच सांगितलं."

मग ट्रॅक्टरने हार्वेस्टर ओढला. ओटपासून जरा लांब जाताच इंजिनाने घरघर करत जीव धरला. बहुतेक कुठला तरी पट्टा जागेवर बसला असावा. पण गुंटिसने टोपी काढून शेताला नमस्कार केला.

"तुमच्या ओटला कधी येऊ मी?" असं त्याने स्काइद्रीतेला विचारलंच नाही. उलट जाताना ओरडून सांगितलं, "बाई, तुमच्या शेतात मी यंत्र घालणार नाही! ते आत बसलेत!" संध्याकाळपर्यंत ही बातमी पंचक्रोशीतल्या प्रत्येक हार्वेस्टरवाल्याला कळली. देव बसलेल्या पिकात पातं घालायला एकही तयार होईना.

स्काइद्रीते बांधावर येऊन उभी राहिली. "बघ वहिनी. तुझ्या देवापायी माझे ओट उभेच राहणार. आता हाताने कापावे लागतील."

"मी येईन."

"गुडघे चालतात का तुझे?"

"येईन म्हटलं ना. कापू, आणि शेवटचा कोपरा तू बांध. मी नुसती दाखवीन."

"मी बोलवायला येणार नाही हं."

"नको येऊस."

ओट पिकायला काही दिवस गेले. मग एका सकाळी धुकं विरळ झालं तेव्हा बांधापलीकडचं शेत पुरतं पिवळं दिसलं. झेल्माने दिवा लावला, हात जोडले आणि ओसरीवरून लांब दांड्याचा विळा उतरवला. ओयार्स अंथरुणातूनच म्हणाला, "झेल्मा, जरा विचार कर. जुमिस तिच्या शेतात बांधला, तर आपल्याकडे काय राहील?"

"नणंद राहील," ती म्हणाली.

विळा खांद्यावर घेऊन तिने फाटक हळूच ओढून घेतलं आणि दवाने भिजलेल्या गवतातून बांधाच्या दिशेने चालू लागली.