उरलेली फी आणि अठरा प्लंबर

"या घरात आजवर प्लंबरने पाऊल ठेवलेलं नाही, आणि मी जिवंत असेपर्यंत ठेवणार नाही!" हेडक्लार्क महिन्यातून एकदा तरी हे वाक्य बोलत. नोकरीतून निवृत्त झाले तरी घरात त्यांचा हुद्दा शाबूत होता. नळ गळला की ते स्वतः बेसिनखाली शिरत आणि तासाभराने किल्ला सर केल्यासारखे हात पुसत बाहेर येत. नळ आठवडाभर विचार करून मग दुसरीकडून गळू लागे.

भांडण मात्र नळावरून झालं नाही. लेकीच्या कॉलेजसाठी बँकेत एक खातं उघडलं होतं. लेक शिकली, नोकरीला लागली, तरी त्यात चाळीस हजार उरले.

"मस्त मोठा टीव्ही घेऊ," हेडक्लार्क म्हणाले.

बायकोने शिलाई मशीन थांबवलं. ते मशीन थांबलं की घरात सगळे सावध होत.

"कुणाच्या पैशाने?"

"आपल्या."

"वीस वर्षं लोकांचे पडदे कुणी शिवले? आपण?"

दोघं तणतणत बँकेत गेले. खिडकीतल्या मुलीने कागद बघितले. "काका, हे शिक्षणाचं खातं आहे. फी भरणार असाल तर सगळे मिळतील. टीव्हीसाठी हवे असतील तर तिसरा हिस्सा कापला जाईल."

"कापा," हेडक्लार्क उदारपणे म्हणाले.

"खबरदार! माझ्या घामाचा एक पैसा कापायचा नाही," बायको कडाडली. "काय गं पोरी, फी कुणाचीही चालते?"

"घरातल्या कुणाचीही."

"मग माझी भर."

"तुझी?" हेडक्लार्कांचा चष्मा नाकावर घसरला. "या वयात तू काय शिकणार?"

"जे असेल ते! लेकीला शिकवलं, आता माझी पाळी."

समोरच तंत्रशिक्षणाची एक संस्था होती. तिथे प्रवेश चालू असलेला एकच वर्ग उरला होता. नळदुरुस्ती, सहा महिने, फी एकोणचाळीस हजार. बाईंनी उभ्या उभ्या अर्ज भरला.

"अगं, लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, आमचाही नळ गळतोय, कधी येताय?"

वर्गात सतरा पोरं आणि या एक. शिकवणारे सर लेकीच्या वयाचे. पहिलाच गृहपाठ मिळाला, घरातल्या पाइपांच्या जोडांचे फोटो काढून आणा. बाई टॉर्च घेऊन बेसिनखाली शिरल्या आणि बराच वेळ बाहेरच आल्या नाहीत. पाण्याच्या पाइपाचा जोड हेडक्लार्कांच्या निळ्या टायने आवळला होता. निरोप समारंभातला टाय. न्हाणीघरातल्या पाइपाला सायकलची ट्यूब गुंडाळलेली होती. आणि मेन कॉकला फिरवायला होती छत्रीची मूठ.

सरांनी फोटो उलटसुलट करून पाहिले.

"मावशी, हे कुणी केलंय?"

"आमच्या ह्यांनी."

"ते... बरे आहेत ना?"

"धडधाकट आहेत. तीच तर पंचाईत आहे."

"सगळ्या वर्गाने हे प्रत्यक्ष बघायला हवं," सर हळहळत म्हणाले. "काय करू नये, ते एकाच घरात मिळतंय."

रविवारी सकाळी बेल वाजली. हेडक्लार्कांनी दार उघडलं. जिना माणसांनी भरला होता.

"कोण हवंय?"

"आम्ही प्लंबर. सतरा आम्ही आणि एक सर."

"घर चुकलं."

"नाही काका, हेच. बेसिनखाली टाय आहे ना?"

हेडक्लार्क धावत जाऊन बेसिनपुढे हात पसरून उभे राहिले. "कुणी हात लावायचा नाही! दोन वर्षांत थेंब पडलेला नाही!"

"अहो, सरका. फी माझी, धडा माझा."

"धडा? थांब, मीच देतो धडा. ही गाठ बघा रे पोरांनो, गाठ!" असं म्हणून ते बेसिनखाली वाकले आणि गाठ किती घट्ट आहे ते दाखवायला त्यांनी टायला एक हिसका दिला.

टाय हातात आला. टायबरोबर पाइपही आला. पाण्याचा फवारा थेट छताला लागला.

"मेन कॉक! मेन कॉक बंद करा!" सर ओरडले. एका पोराने झेप घेऊन मूठ फिरवली. मूठ सुटून त्याच्या हातात आली, आणि तो छत्री नसलेली मूठ धरून पावसात उभा असल्यासारखा उभा राहिला.

शेवटी बाईंनी पदर खोचला, पक्कड घेतली आणि कॉकच्या बुडख्याला एकच पीळ दिला. पाणी थांबलं. मग पाव तासात त्यांनी नवा जोड बसवला. पोरांनी घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून टाळ्या वाजवल्या. सरांनी तिथल्या तिथे प्रात्यक्षिकाचे पूर्ण गुण दिले.

तेवढ्यात खालचे शेजारी केसात छताचा चुना घेऊन वर आले. "हे कुणी केलं?"

एकोणीस बोटं एकाच दिशेला वळली.

"आणि थांबवलं कुणी?"

तीच बोटं बाईंकडे फिरली. शेजाऱ्यांनी डोक्यावरचा चुना झटकला. "मग आमच्याकडे कधी येताय?"

संध्याकाळी हेडक्लार्क ओला टाय दोरीवर वाळत घालत होते. "खात्यात हजार उरलेत ना अजून?" त्यांनी हळूच विचारलं. "तेवढे तरी कापून घेऊ दे. टीव्हीचा स्टँड येईल."

"एक पैसा कापू देणार नाही."

दुसऱ्याच दिवशी बाईंनी त्याच संस्थेत त्यांची फी भरली. घरगुती दुरुस्तीची तोंडओळख, दोन दिवसांचा वर्ग. हेडक्लार्क टायला इस्त्री करून, तो बांधून, वेळेच्या अर्धा तास आधी वर्गात हजर झाले. चहाच्या सुट्टीत त्यांना संस्थेचा एक नळ गळताना दिसला. त्यांनी तो कुणालाही न विचारता दुरुस्त केला.

संस्था पुढच्या सोमवारपर्यंत बंद आहे.