नानागुरुजींचा फोनो

आमच्या दुर्गाघाटावरचे नानागुरुजी दर महिन्याला फोनो डोक्यावर घेऊन चौकात दुरुस्तीला जात आणि तो होता तसाच परत आणत. भोंगा पुसून घेत, सुया बदलून घेत. चावीनं गुंडाळल्या जाणाऱ्या आतल्या पोलादी कमानीला मात्र हात लावू देत नसत.

कलेक्टरसाहेबाच्या सामानाच्या लिलावात घेतलेला तो फोनो तेव्हाच म्हातारा होता. कमान इतकी ढिली, की तबकडीवरच्या बाईंचा आवाज अर्ध्या ठुमरीत खाली खाली जाई आणि शेवटी बाई रेड्यासारख्या रेकत. मिस्त्री वैतागून म्हणे, "गुरुजी, कमानी बदलवा लीजिए, नहीं तो गंगाजी में बहा दीजिए." आम्हीही तेच सांगत असू. गुरुजींचं उत्तर ठरलेलं, "आहे ते बरं आहे."

गल्लीनं कारण परस्पर ठरवून टाकलं होतं. नवी कमान चरबी फासून येते; घनपाठी ब्राह्मण ती घरात कशी घेईल? मला तर हा निव्वळ चक्रमपणा वाटे. त्यापेक्षा माणसानं आपल्या बायकोकडे, काकूंकडे बघावं. एकुलती एक मुलगी प्लेगात गेली, तेव्हापासून काकू एक शब्द बोलल्या नव्हत्या. भिंतीकडे तोंड करून बसत, भरवलं तर जेवत.

शेवटी ग्वाल्हेरहून आलेल्या पुतण्यानं मनावर घेतलं. गुरुजी कुठे श्राद्धाला गेलेले बघून त्यानं नवी कमान आणवली, राखेनं घासून चरबी काढली, साजूक तूप चोळलं, वर गंगाजल शिंपडलं आणि मिस्त्रीला घरी बोलावून बसवून घेतली. संध्याकाळी गुरुजी परतल्यावर आम्ही सगळे ऐकायला जमलो. बाई शेवटपर्यंत सुरेल गायल्या. आम्ही माना डोलावल्या.

गुरुजी काकूंकडे बघत होते. काकू हलल्या नाहीत.

"काका, सोवळ्यात बसवलीय," पुतण्या चाचरत म्हणाला.

"सोवळ्याचं नाही रे," गुरुजी म्हणाले. "ती बाई रेकायला लागली की ही हसते. दुसऱ्या कशालाच हसत नाही."

गुरुजींनी पुन्हा चावी दिली, सुई टेकवली आणि फिरत्या तबकडीच्या कडेवर अंगठा दाबून धरला. आवाज खाली घसरला, रेकू लागला. काकूंचे खांदे हलले. भिंतीकडे तोंड करूनच त्या हसल्या. इतकं भकास हसणं मी पुन्हा ऐकलं नाही.

"काका, बोट सोलून निघेल," पुतण्या म्हणाला.

"गप्प बस. ऐक," गुरुजी म्हणाले आणि तबकडी संपेपर्यंत त्यांनी अंगठा काढला नाही.