कृपया इकडे पाहू नये

किनारा संवर्धन व विरंगुळा मंडळाच्या वाळूवर एका पक्षिणीने मंडळाची पूर्वपरवानगी न घेता तीन अंडी घातली. ती चिखल्या जातीची होती. म्हणजे मुठीत मावेल एवढी आणि वाळूच्या रंगाची. अंडीही त्याच रंगाची, आणि घरटं म्हणाल तर टाचेनं पडावा तसा एक खळगा. शेजारी व्हॉलीबॉलचं मैदान होतं. बॉल आणायला धावणारे खेळाडू हातभर अंतरावरून बिनदिक्कत ये-जा करत. पक्षिणीचं त्यानं काही अडत नव्हतं, कारण ती कुणाला दिसतच नव्हती.

दिसली ती दुर्बीणबाईंना. बाई मंडळाच्या पक्षी-निरीक्षक होत्या. गळ्यातली दुर्बीण त्या जेवतानाही काढत नसत. त्यांच्या सासूबाईंचं तर म्हणणं असं, की लग्नाच्या फोटोतही ती पदराआड आहे. चिखल्यांनी या किनाऱ्यावर अंडी घालणं केव्हाच सोडून दिलं होतं, आणि बाई वर्षानुवर्षं वाट पाहत होत्या. त्यामुळे त्यांना इतका आनंद झाला, की तो पोटात राहीना. आठवड्याच्या बैठकीत त्यांनी बातमी सांगून टाकली. तिथेच सगळा घोळ झाला.

"वा! मग आपण काय करायचं?" संचालकांनी विचारलं.

"काहीच नाही," बाई म्हणाल्या. "तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही की झालं. काही आठवड्यांत पिल्लं निघतील आणि आपापली पळायला लागतील."

बैठक गंभीर झाली. मंडळाच्या घटनेतलं पहिलंच कलम असं होतं, की विरंगुळ्याविना संवर्धन नाही आणि संवर्धनाविना विरंगुळा नाही. म्हणून पतंग उडवणाऱ्याला आधी समुद्राविषयी शपथ घ्यावी लागे आणि कचरा वेचणाऱ्यांना मधूनमधून संगीत खुर्ची खेळावी लागे. काहीच न करणं या दोहोंपैकी कशात मोडतं, हे कुणालाच सांगता येईना.

"काहीच करायचं नाही, हे तत्त्वतः मान्य," संचालक समजुतीच्या सुरात म्हणाले. "पण ते करणार कोण?"

"मी करतो!" मौजमास्तर म्हणाले. मौजमास्तर विरंगुळा विभागाचे प्रमुख. पूर्वी ते पोहायला शिकवत, त्यामुळे बंद खोलीतही ते पलीकडच्या काठावर ऐकू जाईल अशाच आवाजात बोलत.

दुसऱ्या दिवशी खळग्याभोवती दोरी बांधली गेली. दोरीला कुणी अडखळू नये म्हणून तिला लाल पताका लावल्या. पताका कसल्या, असं लोक विचारू लागले, तेव्हा पाटी लावणं आलं. "येथे काहीही नाही" असा मजकूर बाईंनी सुचवला, पण मंडळाला खोटं बोलता येत नव्हतं. अखेर पाटी उभी राहिली: "येथे दुर्मीळ पक्ष्याची अंडी आहेत. कृपया इकडे पाहू नये." खाली बाण काढला होता. नेमकं कुठे पाहायचं नाही, याबद्दल नागरिकांचा गैरसमज होऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू.

नागरिक न पाहण्यासाठी लांबलांबून येऊ लागले. गर्दी झाली, म्हणून गोंगाट झाला. गोंगाट झाला, म्हणून मंडळाने शांतता-मित्र नेमले आणि त्यांना भोंगे दिले. "शांतता राखा! पक्षी घाबरतो!" असं ते दिवसभर भोंग्यातून ओरडत. गर्दीत एकदा सासूबाईही दिसल्या, मैत्रिणींचा ताफा घेऊन आलेल्या.

"अगं, सगळ्यांना सांगितलंय मी, माझ्या सुनेचा पक्षी आहे म्हणून!"

"आई, जवळ नका येऊ."

"जवळ कुठं येतेय? इथून काही दिसत नाही, म्हणून जरा पुढं होतेय."

काही दिसत नाही, ही तक्रार खरी होती. वाळूच्या रंगाच्या पक्ष्यावर लोक नाराज होते. तेव्हा मौजमास्तरांनी कार्यालयातल्या सगळ्यात उंच कारकुनाला चिखल्याचा पोशाख शिवला आणि त्याला दोरीपाशी नाचायला उभं केलं. पुरुषभर उंचीचा चिखल्या पाय आपटत आपल्याकडे येतोय, हे पाहून खऱ्या पक्षिणीनं तेच केलं, जे तिच्या जातीतली कुठलीही आई करते. ती खळग्यातून उठली, एक पंख मोडल्यासारखा लोंबता सोडला आणि केविलवाणं ओरडत, लंगडत दुसरीकडे निघाली.

"अरे, जखमी झाली! स्ट्रेचर आणा!" संचालक ओरडले.

"तिला काही झालेलं नाही, साहेब," बाई कळवळून म्हणाल्या. "सोंग आहे ते. अंडी वाचावीत म्हणून ती शत्रूला आपल्या मागं लांब नेते."

"शत्रू?" संचालकांनी दचकून मागे वळून पाहिलं. "कुठं आहे?"

मौजमास्तर मात्र टाळ्या वाजवणाऱ्या गर्दीकडे पाहत होते. "बाई, हे ती रोज करते?"

"घाबरली की करते."

"म्हणजे पाचला घाबरवली, तर पाचला करेल."

पाचचा प्रयोग तुफान चालला. लोक खाऊ घेऊन येत, खाऊ सांडत, आणि सांडलेल्या खाऊवर कावळे येत. एके दिवशी प्रयोग ऐन रंगात असताना कावळ्यांनी अंडीही खाल्ली. सगळ्यांच्या माना लंगडणाऱ्या आईकडे वळलेल्या होत्या. वळली नव्हती ती फक्त बाईंची. त्या धावल्या, पण दोरीत पाय अडकून पडल्या. उठून पाहतात तर खळगा रिकामा. बाई तिथेच वाळूत बसून ढसाढसा रडल्या. आपण तोंड उघडलं नसतं तर ही अंडी जगली असती, हे त्यांना पुरतं कळून चुकलं होतं.

पक्षीण उडून गेली. मौजमास्तरांनी खळग्यात तीन गोटे ठेवले. "तात्पुरते," ते म्हणाले. रंगवलेले असल्यामुळे गोटे लांबूनही छान दिसत. तक्रारी बंद झाल्या. "या खेपेला अगदी मन भरून पाहिली बघ," सासूबाई म्हणाल्या. संवर्धन आणि विरंगुळा यांचा असा मेळ पूर्वी कधी जमला नव्हता, असं संचालकांनी बैठकीत जाहीर केलं.

पुढे मंडळाच्या गोदामाच्या मागे, जिथे मोडक्या पाट्या टाकतात तिथे, बाईंना वाळूत एक खळगा दिसला. त्यात वाळूच्या रंगाची तीन अंडी होती.

"काही विशेष?" बैठकीत संचालकांनी विचारलं.

"काही नाही," बाई म्हणाल्या.

"दुसरं घरटं सापडलं तर मला आधी सांग हं," घरी सासूबाई म्हणाल्या.

"सांगेन की, आई."

दोन्ही वेळा त्यांची जीभ जराही चाचरली नाही, याचं त्यांनाच नवल वाटलं. पण एके सकाळी मौजमास्तर जुन्या पताका शोधायला गोदामाकडे निघाले. नुसतं "काही नाही" म्हणून आता भागणार नव्हतं. त्या मौजमास्तरांच्या समोर धाडकन वाळूत कोसळल्या.

"आई गं! माझा पाय!"

"अहो, काय झालं? इथंच बसा, मी बघतो!"

"इथं नको, तिकडं... तिकडं धक्क्याकडं न्या मला," असं विव्हळत बाई लंगडत निघाल्या. मौजमास्तर आधार द्यायला मागोमाग, संचालक औषधपेटी घेऊन त्यांच्या मागे, आणि दोन शांतता-मित्र भोंग्यांसकट त्यांच्याही मागे. अख्खं मंडळ किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला गेलं.

कुणी गोदामाकडे वळलं की बाईंचा पाय दुखू लागे. कधी डावा दुखे, कधी उजवा. ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण नीट पाहणं हे त्या कार्यालयात फक्त बाईंचं काम होतं. मग एका सकाळी तीन पिल्लं खळग्यातून उठली आणि लुटुलुटु पळत पाण्याच्या कडेला गेली. टाळ्या वाजवायला कुणीही नव्हतं. बाईंनीही वाजवल्या नाहीत. त्या फक्त दोन्ही पायांवर नीट उभ्या राहिल्या आणि पोटभर हसल्या.

चिखल्या आता दर वर्षी त्याच जागी अंडी घालते. ते गोदाम नेमकं कुठे, असं तुमच्या मनात आलंच असेल. तुम्हाला काही त्रास द्यायचा नाही, लांबूनच बघायचंय, एखादाच फोटो, मुलांना तेवढंच निसर्गाचं ज्ञान, हे सगळं आम्हाला मान्य आहे. जरूर जा. मुलांना न्या, खाऊ न्या, आणि गोदामाच्या मागची सगळी वाळू निवांत धुंडाळा. फक्त ते गोदामाचं तुम्हाला सांगताना आम्ही जरासे लंगडत होतो, तेवढं तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही.